नखाखालची बारीक गाठ आणि न ऐकलेले दुखणे

डिसेंबर लागला की आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडच्या थंडीची चर्चा सुरू होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांतून शेकोट्यांची छायाचित्रे येतात. द्राक्ष बागायतदार पहाटे उठून बागेत धूर करतात आणि आमच्या दवाखान्यांत दमा, खोकला, सांधेदुखी यांची गर्दी होते. या गर्दीत क्वचित एखादा रुग्ण असा येतो, की ज्याचे दुखणे थंडीत हमखास वाढते, पण बाहेरून पाहिले तर काहीच दिसत नाही. बोट सुजलेले नाही, लाल नाही, पू नाही. रुग्ण मात्र कळवळून सांगत असतो, की बोटाला वारा लागला तरी कळ थेट खांद्यापर्यंत जाते. अशा वेळी डॉक्टर काय करतो, हा आजचा विषय आहे. मी काय केले तेही सांगणार आहे, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो, हे आधीच कबूल करतो.

पाच वर्षांचे दुखणे

निफाड तालुक्यातील एका गावच्या या बाई. वय चाळिशीच्या आसपास. नाव-गाव अर्थातच सांगत नाही. द्राक्षाच्या हंगामात मण्यांच्या विरळणीच्या कामाला टोळीबरोबर जाणाऱ्या. हे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की त्यात सारी करामत बोटांची असते. घडाला धक्का न लावता बारीक कात्रीने मणी काढायचे, तेही दिवसभर हात वर धरून.

२०१८ च्या हिवाळ्यात त्या माझ्याकडे प्रथम आल्या. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख दुखते म्हणाल्या. मी बोट पाहिले, नखुरडे होऊ घातले असावे असे समजून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. या वेळी मी बी कॉम्प्लेक्स आणि कॅल्शियम दिले. तिसऱ्या खेपेस मानेचा एक्स-रे काढायला लावला. त्यात फारसे काही निघाले नाही. तेव्हा मी त्यांच्या यजमानांना बाहेर बोलावून हलक्या आवाजात सांगितले, "घाबरण्यासारखे काही नाही. जरा मनाचे दिसते. विश्रांती द्या."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. रुग्ण परत आला नाही म्हणजे बरा झाला, असा आम्हा डॉक्टरांचा एक सोयीस्कर समज असतो. मीही तो करून घेतला.

२०२४ च्या जानेवारीत त्या पुन्हा दवाखान्यात आल्या, पण स्वतःसाठी नव्हे; सासूबाईंचा रक्तदाब तपासून घ्यायला. त्यांच्या उजव्या हाताला लोकरीची पट्टी गुंडाळलेली होती. दाराची लोखंडी कडी त्यांनी डाव्या हाताने उघडली, सासूबाईंना आधारही डाव्या हातानेच दिला. मी विचारले, "हाताला काय झाले बाई?"

त्या म्हणाल्या, "काही नाही डॉक्टर. माझं मनाचं आहे."

माझेच शब्द पाच वर्षांनी मला परत मिळाले. मग हळूहळू सगळे कळले. थंडीच्या दिवसांत पहाटे गार पाण्यात भांडी घासताना बोट पाण्यात गेले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री पांघरूण घासले तरी जाग यायची, म्हणून त्या हात काखेत धरून झोपत. विरळणीचे काम दोन हंगामांपूर्वीच सुटले होते, हाती पडणारी मजुरी बंद झाली होती. घरात कुणी ऐकून घेत नव्हते, कारण "डॉक्टरच म्हणाले, मनाचं आहे." गोळ्या झाल्या, लेप झाले, एका भगताकडे जाऊन अंगाराही झाला. एका ठिकाणी झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बोट तोडून टाका डॉक्टर, मी सही देते. पण हे थांबवा."

मनाचे दुखणे असलेला माणूस एका बोटाच्या एका नखाच्या एकाच कोपऱ्यावर पाच वर्षे बोट ठेवत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती.

तीन प्रश्न आणि एक टाचणी

मी त्यांना खुर्चीवर बसवले आणि उजेडात नख नीट पाहिले. पाच वर्षांपूर्वी मी इतके निरखून पाहिले नव्हते, किंवा तेव्हा ते एवढे स्पष्ट नसेलही. नखाच्या मुळाशी, किंचित एका बाजूला, जांभळट निळसर ठिपका होता आणि तिथून नखाच्या टोकापर्यंत एक बारीक उभी रेघ गेली होती. मग तीन प्रश्न विचारले. कळ झटक्याने येते का? येते. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येते का? येते. गार पाण्याने, गार वाऱ्याने वाढते का? यावर त्या नुसत्या हसल्या.

टेबलावर टाचणी होती. तिच्या टोकाने नव्हे, गोल डोक्याने मी नखावर ठिकठिकाणी हलके दाबत गेलो. कडेला काही नाही. मध्यभागी काही नाही. त्या निळसर ठिपक्यावर टाचणीचे डोके टेकले मात्र, बाईंनी हात ओढून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. तिथून जरा बाजूला सरकलो, की पुन्हा काही नाही.

सासूबाईंसाठी काढलेला रक्तदाबाचा पट्टा समोरच पडला होता. मी बाईंना हात उंच धरायला सांगितला, दंडाला पट्टा बांधून नाडी थांबेपर्यंत फुगवला आणि पुन्हा त्याच जागी टाचणी टेकवली. आता दुखले नाही. पट्ट्यातली हवा सोडली, हातात रक्त परतले, त्याबरोबर कळही परतली. समोर बसलेल्या सासूबाई हे सारे बघत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे हिचं खरंच दुखत होतं तर."

टाचणीची ही तपासणी ग्राफ्टन लव्ह या अमेरिकन शल्यविशारदाने १९४४ मध्ये सांगितली. आम्ही विद्यार्थीदशेत ज्या 'बेली आणि लव्ह' या शस्त्रक्रियेच्या जाडजूड ग्रंथाची पारायणे केली, त्यातले लव्ह निराळे, इंग्लंडमधले. पट्ट्याची तपासणी हिल्ड्रेथ यांनी १९७० मध्ये मांडली. दोन्हींना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत आणि खर्च शून्य. बेली आणि लव्हच्या ग्रंथात या गाठीची माहिती आहे. परीक्षेपूर्वी मी ती वाचलीही होती. वाचलेले आणि आठवलेले यांत पाच वर्षांचे अंतर पडले, आणि ते अंतर बाईंनी दुखत्या बोटाने काढले.

ही गाठ आहे तरी काय?

या गाठीला वैद्यकात ग्लोमस ट्यूमर म्हणतात. ट्यूमर शब्द ऐकताच घाबरण्याचे कारण नाही. ट्यूमर म्हणजे अर्बुद, पेशींची अवाजवी वाढ. अर्बुदे दोन जातींची, सौम्य आणि मारक. मारक म्हणजे कर्करोग. ग्लोमस गाठ जवळजवळ नेहमीच सौम्य असते. ती मारक झाल्याची उदाहरणे अगदी विरळा. सौम्य म्हणजे ती शरीरात पसरत नाही, जिवावर उठत नाही. पण 'सौम्य' हा शब्द पेशींच्या वागण्याबद्दल आहे, रुग्णाच्या यातनांबद्दल नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

ती कशापासून होते हे समजायला पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. मुख्य पाटातून चारीत पाणी जाते, चारीतून सरीत, आणि उरलेले पुढे ओढ्याला. पाणी शेतात किती सोडायचे आणि परस्पर ओढ्याकडे किती लावून द्यायचे, हे वाटेवरचे दार ठरवते. आपल्या बोटांच्या टोकांत, विशेषतः नखांखाली, अशीच सोय आहे. शुद्ध रक्ताची बारीक रोहिणी आणि अशुद्ध रक्ताची बारीक नीला यांना थेट जोडणाऱ्या आखूड वाटा तिथे असतात. या वाटांभोवती विशिष्ट स्नायूपेशींचे वेटोळे असते. हवा गार की गरम हे पाहून या पेशी वाट आवळतात किंवा सैल करतात. त्यामुळे त्वचेजवळून किती रक्त वाहायचे आणि शरीराची किती ऊब बाहेर जाऊ द्यायची, हे ठरते. या वेटोळ्याला ग्लोमस म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच मुळी गोळा किंवा गुंडा असा आहे.

ही दारे सांभाळणाऱ्या पेशीच जेव्हा बेसुमार वाढतात, तेव्हा ग्लोमस गाठ तयार होते. आकार बहुधा काही मिलिमीटर, म्हणजे बाजरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढा. एक सेंटिमीटरपर्यंत सहसा जातच नाही. एवढ्याशा गाठीने इतके का दुखावे? एक तर जागा अडचणीची. वर कठीण नख, खाली हाड, मध्ये वाढायला वाव नाही. काही वेळा गाठीच्या दाबाने हाडाला खळगा पडतो आणि तो एक्स-रेमध्ये दिसतो. दुसरे म्हणजे या भागात मज्जातंतूंचे बारीक धागे विपुल असतात. आणि तिसरे, या पेशींचा धर्मच मुळी थंडी-उष्म्याला प्रतिसाद देण्याचा. निरोगी बोटात त्यांचे हे काम आपल्याला जाणवतही नाही. गाठीत मात्र गार पाणी लागले की रुग्णाचा जीव जातो.

ही गाठ शरीरात अन्यत्रही होऊ शकते, पण तिची आवडती जागा हाताच्या बोटाचे नख. नखाखाली ती स्त्रियांमध्ये अधिक आढळते, बहुधा तीस ते पन्नास या वयात. हाताला होणाऱ्या सर्व गाठींचा हिशेब केला तर शंभरात एक ते पाच या ग्लोमस गाठी असतात, असे ग्रंथकार सांगतात. म्हणजे दुर्मिळ खरी, पण कधीच न भेटणारी नव्हे. बहुतेकांना ती एकच होते. एकाहून अधिक बोटांत अशा गाठी झाल्या आणि त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असले, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराची तपासणी करून घ्यावी लागते.

११२ वर्षांचे कोडे

या गाठीचा इतिहासही उद्बोधक आहे. एडिंबरोचे शल्यविशारद विल्यम वुड यांनी १८१२ मध्ये त्वचेखालच्या छोट्या, अतिशय दुखऱ्या गाठींचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे पेशव्यांचे राज्य अजून जायचे होते, तेव्हा एका डॉक्टराने रुग्णांचे ऐकून ते कागदावर उतरवले होते. गाठ कशाची, हे मात्र त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. ते कोडे सुटले १९२४ मध्ये. फ्रान्समधील पियेर मासाँ या विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासून दाखवून दिले, की या पेशी बोटातल्या त्या वेटोळ्याच्या आहेत. या कामी त्यांच्याबरोबर होते मज्जातंतूंचे तज्ज्ञ बारे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्या जीबीएसच्या साथीने सर्वांची झोप उडवली, त्या गुइलेन बॅरे सिंड्रोममधले बॅरे ते हेच. आपल्याकडे त्यांच्या नावाचा उच्चार तसा रूढ झाला आहे.

१८१२ ते १९२४. दुखणे माहीत होऊन त्याचे मूळ कळायला ११२ वर्षे लागली. त्यानंतर आज शंभर वर्षे उलटून गेली. पहिल्या काळातल्या डॉक्टरांना ज्ञान नव्हते म्हणून क्षमा करता येईल. आम्हाला ती सवलत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले

बाईंची सोनोग्राफी केली. नखाखाली चार मिलिमीटरची गाठ आणि तिच्यात खेळणारे भरपूर रक्त दिसले. कधी एमआरआयची गरज पडते, पण प्रत्येकाला ती पडतेच असे नाही. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांना पाठवले. बोटाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन बोट बधिर करतात, रक्त थांबवण्यासाठी मुळाशी रबर बांधतात, नख उचलतात, खालच्या गादीला बारीक छेद देतात आणि गाठ अलगद सोडवून गादी पुन्हा बारीक धाग्याने शिवतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. नख सुमारे सहा महिन्यांत पुन्हा पूर्ण येते. गाठीचा अंश मागे राहिला तर दुखणे परत येऊ शकते, म्हणून गाठ संपूर्ण काढणे महत्त्वाचे.

शस्त्रक्रियेनंतर मला बोलावणे आले ते आमच्या पॅथॉलॉजिस्ट स्नेह्यांचे. "ये, तुझी गाठ बघून जा," म्हणाले. बऱ्याच वर्षांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

ही तपासणी होते कशी, हे वाचकांना थोडक्यात सांगतो. काढलेली गाठ लगेच फॉर्मालिनच्या द्रावणात ठेवतात, म्हणजे पेशी सडत नाहीत. मग ती मेणात बसवून तिचे अतिशय पातळ काप घेतात, काही मायक्रॉनचे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे काप काचेवर घेऊन दोन रंगांनी रंगवतात. एका रंगाने पेशीचे केंद्र निळे-जांभळे होते, दुसऱ्याने बाकीचा भाग गुलाबी.

त्या काचेवर मी पाहिले ते असे. जागोजाग रक्तवाहिन्यांची लहान-मोठी भोके, त्यांना आतून पातळ अस्तर, आणि त्या भोकांभोवती एकसारख्या गोल पेशींची रांगेवर रांग, विहिरीच्या कठड्याला दगड रचावेत तशी. प्रत्येक पेशी आटोपशीर, तिची कड स्पष्ट, आणि केंद्र अगदी मधोमध, गोल. एक पेशी दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी. कर्करोगाच्या पेशींत जो गोंधळ असतो, लहान-मोठी वेडीवाकडी केंद्रे, भराभर होणारी विभाजने, आजूबाजूच्या भागात घुसखोरी, त्यातले इथे काहीही नव्हते. गाठीची कड स्वच्छ होती आणि भोवती मज्जातंतूंचे बारीक धागे दिसत होते.

पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, कुठे रक्तवाहिन्या कमी आणि पेशी जास्त असतात, कुठे रक्तवाहिन्याच मोठ्या आणि पेशींचे नुसते अस्तर असते, तर कुठे पेशी लांबट होऊन साध्या स्नायूपेशींसारख्या दिसू लागतात. या गाठीची अशी तीन रूपे आहेत. कधी घामाच्या ग्रंथीची गाठ किंवा तीळ यांच्याशी गल्लत होण्याचा संभव असतो. तेव्हा विशेष रंग वापरतात. ग्लोमस पेशी मूळच्या स्नायूंच्या जातीच्या असल्याने स्नायूतील ॲक्टिन हे प्रथिन दाखवणारा रंग त्या घेतात. घामाच्या ग्रंथीच्या किंवा तिळाच्या पेशींची खूण पटवणारे रंग त्या घेत नाहीत. अशा रीतीने गाठीचे कूळ ओळखता येते.

काचेवरून डोळा काढताना माझ्या मनात आले, की पाच वर्षे ज्याला आम्ही मनाचे म्हटले, ते इथे काचेवर गुलाबी-जांभळ्या रंगात उभे आहे.

काढलेली गाठ बादलीत टाकू नका

यावरून दुसरी गोष्ट सांगायची आहे, आणि ती रुग्णांना व डॉक्टरांना दोघांनाही आहे. आपल्याकडे लहान-मोठ्या दवाखान्यांत रोज गाठी काढल्या जातात. त्यातल्या कित्येक तपासणीला जातच नाहीत. "साधी चरबीची गाठ होती" असे सांगून त्या बादलीत टाकल्या जातात. नातेवाईकही म्हणतात, "काढली ना एकदा, आता कशाला खर्च?" मला हे पटत नाही. हातात घेऊन किंवा डोळ्यांनी पाहून गाठ सौम्य आहे असा अंदाज करता येतो, निवाडा करता येत नाही. निवाडा सूक्ष्मदर्शकाचा. शंभर गाठींत नव्व्याण्णव अंदाज बरोबर निघतीलही, पण शंभरावा रुग्ण आपल्याच घरचा असू शकतो.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले १९४१ मध्ये. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानतात. अशा थोर माणसांनी या राज्यात सूक्ष्मदर्शकाची शिस्त लावली, त्याला आता आठ दशके झाली. आपल्या नाशकात १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९९८ मध्ये तर साऱ्या महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच इथे स्थापन झाले. पॅथॉलॉजिस्टही शहरात पुष्कळ आहेत. तेव्हा सोय नाही, ही सबब आता उरलेली नाही. फॉर्मालिनची एक छोटी बाटली, तिच्यावर रुग्णाचे नाव, वय आणि गाठ कुठून काढली याची चिठ्ठी, एवढेच लागते. गाठ नुसत्या पाण्यात किंवा सुकी ठेवू नये, पेशी खराब होतात आणि मग तज्ज्ञही काही सांगू शकत नाही.

डॉक्टर बंधूंना उद्देशून

माझे काही समव्यवसायी म्हणतील, दिवसाला साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्याने असली दुर्मिळ दुखणी शोधत बसायचे का? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक दुखऱ्या बोटात ग्लोमस गाठ शोधू नये. बोटांना मुंग्या येत असतील तर मनगटात दबलेली नस किंवा मधुमेह पाहावा. सांधा सुजला असेल तर संधिवात पाहावा. नखाची कड लाल होऊन ठणकत असेल तर ते बहुधा नखुरडेच असते. पण तक्रार एकाच बिंदूची असेल, महिनोन्महिने तीच असेल आणि थंडीने वाढत असेल, तर टाचणी हातात घ्यायला एक मिनिट पुरते. त्वचेच्या बहुतेक गाठी दुखत नाहीत. दुखणाऱ्या मोजक्याच. रक्तवाहिन्यांनी भरलेली चरबीची गाठ, मज्जातंतूची गाठ, ग्लोमस गाठ, घामाच्या ग्रंथीची एक गाठ आणि त्वचेतल्या स्नायूची गाठ. इंग्रजी आद्याक्षरांवरून विद्यार्थी त्यांना 'एंजल' म्हणून पाठ करतात. एंजल म्हणजे देवदूत. पाच नावे लक्षात ठेवणे काही अवघड नाही.

अवघड आहे ते वेगळेच. "मला काही सापडले नाही" या वाक्याऐवजी आम्ही "तुम्हाला काही झालेले नाही" असे म्हणतो. ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले वाक्य डॉक्टरच्या तपासणीबद्दल आहे, दुसरे रुग्णाच्या शरीराबद्दल. पहिले म्हणायला थोडा कमीपणा घ्यावा लागतो, म्हणून आम्ही दुसरे म्हणतो. आणि समोर बाई असली तर त्याला 'मनाचे' हा शब्द फार चटकन जोडला जातो. मनाचे आजार असतात, तेही खरे असतात आणि त्यांनाही उपचार लागतात. पण मनाचा आजार हे निदान आहे. ते तपासून करायचे असते. आमच्या अज्ञानावर घालायचे ते पांघरूण नव्हे. पाच वर्षे झोप नाही, घरात कोणी विश्वास ठेवत नाही, अशा स्थितीत कोणाचेही मन खचेल. बाईंचे खचले होतेच. पण ते दुखण्यामुळे खचले होते. आम्ही परिणामालाच कारण समजत होतो.

वाचकांसाठी

नखाखाली निळसर ठिपका, नखावर उभी रेघ किंवा चीर, एकाच जागी असह्य कळ आणि गार पाण्याने त्यात वाढ, अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना ती नेमकी याच शब्दांत सांगा. त्या जागेवर बोट ठेवून दाखवा. लेप, शेक, अंगारे यांत वर्षे घालवू नका. नखाखाली काळी किंवा तपकिरी रेघ नव्याने आली असेल, ती रुंद होत असेल किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर पसरत असेल, तर दुखत नसले तरी त्वचारोगतज्ज्ञांना ताबडतोब दाखवा. तिथे प्रकरण वेगळे आणि गंभीर असू शकते. कोणतीही गाठ काढून घेतलीत तर ती तपासणीला गेली का, हे विचारा आणि अहवाल जपून ठेवा.

आणि घरातल्या मंडळींना एक विनंती. डॉक्टरने "मनाचे आहे" असे सांगितले तरी ते वाक्य घरात रोज वापरू नका. डॉक्टर चुकू शकतो. मी चुकलो होतो.

बाई गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात येऊन गेल्या. नवे नख पूर्ण आले आहे. पुन्हा विरळणीला जाऊ लागल्याचे सांगितले. जाताना त्यांनी दाराची कडी उजव्या हाताने उघडली. ज्याचे जळते त्याला कळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरीच आहे, पण ती डॉक्टरला लागू पडून चालणार नाही. ज्याचे जळत नाही त्यालाही कळावे, यासाठीच तर आम्हाला एवढी वर्षे शिकवलेले असते.